व्होल्ट आणि अँपिअरवरून ओहम आणि वॅट

विजेच्या उपकरणाला मिळणारा दाब आणि त्यातून वाहणारा प्रवाह हे दोन आकडे हाती आले की त्याचा रोध आणि शक्ती दोन्ही काढता येतात. दाब व्होल्टमध्ये मोजतात, प्रवाह अँपिअरमध्ये, रोध ओहममध्ये आणि शक्ती वॅटमध्ये. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो, गुणले की शक्ती. गणित एवढेच. खरी काळजी घ्यायची ती आकडे कुठे आणि कोणत्या अवस्थेत घेतले याची.

२३० व्होल्टवर चालणारा २००० वॅटचा गिझर घेऊ. २००० ला २३० ने भागले की ८.७ अँपिअर येतात. ६ अँपिअरच्या लहान सॉकेटला हा भार झेपत नाही. १६ अँपिअरचे मोठे सॉकेट बसवायचे ते यासाठी. २३० ला ८.७ ने भागले की गिझरच्या कॉइलचा रोध मिळतो, सुमारे २६.४ ओहम.

या चार आकड्यांपैकी गिझरचा स्वतःचा म्हणावा असा आकडा फक्त रोधाचा. लेबलवरचे २००० वॅट २३० व्होल्ट मिळाले तरच खरे. संध्याकाळी दाब १८० व्होल्टपर्यंत उतरला, तर त्याच कॉइलमधून ६.८ अँपिअरच वाहतात आणि शक्ती १२२५ वॅटच्या आसपास येते. दाब पाव हिश्श्यानेही घटला नाही, तोवर शक्ती दोनपंचमांशाच्या घरात घटली. कारण दाबाबरोबर प्रवाहही कमी झाला आणि गुणाकारातल्या दोन्ही संख्या खाली आल्या. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला एरवी सोळा मिनिटे पुरतात, तिथे आता पंचवीस-सव्वीस लागतात. बिल मात्र कमी होत नाही. पाण्याला लागणारी उष्णता तेवढीच, म्हणून मीटरवर दोन्ही वेळा साधारण अर्धा युनिटच पडतो. एक युनिट म्हणजे हजार वॅटचे उपकरण तासभर चालणे.

दाब आणि प्रवाह यांचे हे नाते गेओर्ग झिमोन ओहम या जर्मन शिक्षकाने कलोन इथे शिकवत असताना शोधले आणि १८२७ साली पुस्तकरूपाने मांडले. त्याची मोठी अडचण होती ती त्या काळच्या बॅटऱ्यांची. प्रयोग चालू असतानाच त्यांचा दाब घसरत जाई. मग पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्याने तांबे आणि बिस्मथ या धातूंचा जोड वापरला. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तापमानातला फरक कायम, म्हणून दाबही कायम. मग कमीजास्त लांबीच्या तारा जोडून प्रवाह मोजता आला. नियम सापडण्याआधी स्थिर दाब मिळवावा लागला, हा या शोधाचा सगळ्यात शिकण्यासारखा भाग. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये ओहमला कोप्ली पदक दिले.

रोध आणि प्रवाह ठाऊक असले तरी शक्ती निघते: प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. सैल झालेली प्लगची पिन याच सूत्राने समजते. समजा, पिन आणि सॉकेट यांच्यामध्ये अर्धा ओहम रोध तयार झाला. गिझरचे ८.७ अँपिअर तिथूनच जातात, म्हणून त्या बारीकशा जागेत सुमारे ३८ वॅट उष्णता निर्माण होते. साधे सोल्डरिंग आयर्न २५ ते ३५ वॅटचे असते आणि ते शिसे-कथिल सहज वितळवते. सॉकेट काळे पडते, प्लॅस्टिक वितळते ते यामुळे. इथे हिशेबात २३० व्होल्ट घेऊ नयेत. त्या सांध्यावर दाब पडतो तो फक्त साडेचार व्होल्टच्या आतबाहेर, बाकीचा कॉइलवर.

जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बची गोष्ट वेगळी. जळत असताना त्यातून ०.२६ अँपिअर वाहतात, म्हणजे रोध ८८० ओहमच्या जवळपास. तोच बल्ब काढून गार असताना मल्टिमीटरने मोजला तर साठ-सत्तर ओहमच दिसतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत. टंगस्टनची तार अडीच हजार अंशांपर्यंत तापते आणि तापताना तिचा रोध कित्येक पटींनी वाढतो. बटण दाबताच क्षणभर प्रवाहाचा लोंढा येतो, म्हणून बल्ब बहुधा लावतानाच जातो. हीटरच्या नायक्रोम तारेचा रोध तापल्यावरही फारसा बदलत नाही.

पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप यांत मोटर असते, आणि तिथे व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट हे समीकरण अपुरे पडते. घरातला विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तने करतो आणि मोटरमधला प्रवाह दाबाच्या थोडा मागे राहतो. त्यामुळे गुणाकाराला आणखी पॉवर फॅक्टरने गुणावे लागते. २३० व्होल्ट, १ अँपिअर आणि ०.७ पॉवर फॅक्टर असेल तर शक्ती २३० नव्हे, १६१ वॅट. अशा मोटरचे व्होल्ट भागिले अँपिअर केले तर येणारा आकडाही निव्वळ तारेचा रोध नसतो. वेटोळ्यांच्या चुंबकीय परिणामाचा अडथळा त्यात मिसळलेला असतो.

मोजताना रोध नेहमी प्लग काढूनच मोजावा. चालू उपकरणाचा प्रवाह वायरमन क्लॅम्प मीटरने पाहतात. त्याचा चिमटा एकाच तारेभोवती बसवावा लागतो. दोन्ही तारा एकत्र पकडल्या तर जाणारा आणि परतणारा प्रवाह एकमेकांचे चुंबकीय क्षेत्र पुसून टाकतात आणि गिझर पूर्ण जोरात चालू असूनही मीटर शून्य दाखवतो.