नोटीस आली की त्याच दिवशी या

पश्चिम लंडनमधल्या एका कौन्सिलच्या हाउसिंग विभागात मी काम करते. बेघर झालेली किंवा होऊ घातलेली माणसं दारात आली की त्यांचं सगळ्यात आधी ऐकून घेण्याचं काम आमच्याकडे असतं. नोव्हेंबर २०२५ मधला एक दिवस इथे मांडते आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून माणसांचे तपशील बदलले आहेत. कायदा आणि तारखा मात्र खऱ्या आहेत.

सकाळी ८. दार उघडायला अजून तास आहे. रात्रीच्या नोंदी वाचून घेते. ऑफिस बंद झाल्यावरही कौन्सिलचा आणीबाणीचा फोन चालू असतो, हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. काल रात्री सतरा वर्षांच्या एका मुलाचा फोन आला होता. घरच्यांनी बाहेर काढलं होतं. त्याची फाइल लगेच मुलांच्या विभागाकडे गेली, कारण या वयाच्या मुलाची पहिली जबाबदारी त्यांची, असा निकाल २००९ मध्येच साउथवर्कच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने दिला आहे. आज रात्री पारा शून्याखाली जाईल असा अंदाज आहे, त्याचीही नोंद करून ठेवते. संध्याकाळी त्याचं काम पडेल.

९ वाजता दार उघडतं. रांगेत बाबागाड्या, बॅगा, कागदांनी फुगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. पासपोर्ट, भाडेकरार, बँकेचे कागद, नोटीस हे सगळं बरोबर असेल तर काम भराभर होतं. पण एखादा कागद नाही म्हणून कुणाला परत पाठवता येत नाही. माणूस बेघर असावा किंवा लवकरच होईल, असं मानायला कारण दिसलं की चौकशी सुरू करणं कौन्सिलला बंधनकारक आहे. कोणी काउंटरवरूनच 'तुमचं इथे काही होणार नाही' म्हणालं, तर शांतपणे सांगा, 'माझा अर्ज घ्या आणि निर्णय लेखी द्या.'

साडेनऊ. नवरा बसचालक, बायको शाळेत मदतनीस, दोन मुलं. घरमालकाला घर विकायचंय. कलम २१ खालची नोटीस, म्हणजे भाडेकरूची काहीही चूक नसताना घर रिकामं करा म्हणणारी. ती हातात पडून सात आठवडे झाले. मुदत संपायला दोन आठवडेही उरलेले नाहीत आणि यांनी सामान हलवायला व्हॅनही ठरवून टाकली आहे. 'इतके दिवस का नाही आलात?' असं मी विचारत नाही. उत्तर ठाऊक असतं. कष्ट करून, वेळेवर भाडं भरून राहिलेल्या माणसाला कौन्सिलच्या दारात उभं राहण्याची लाज वाटते. ती लाज मी रोज बघते आणि रोज जीव तुटतो, कारण नेमक्या त्या सात आठवड्यांत करता येण्यासारखं बरंच काही असतं.

मी आधी सांगितलं, व्हॅन रद्द करा. नोटिशीची तारीख म्हणजे घराबाहेर पडण्याची तारीख नव्हे. ती उलटली तरी घरमालकाला कोर्टात जावं लागतं, ताब्याचा आदेश मिळवावा लागतो, आणि तरीही कुणी निघालं नाही तर कोर्टाचे बेलिफ येतात. त्याआधी आपणहून घर सोडलं, तर 'तुम्ही जाणूनबुजून बेघर झालात' असा ठपका बसण्याचा धोका असतो. उलट बाजूही सांगायला हवी. शेवटपर्यंत थांबलात तर कोर्टाचा खर्च भाडेकरूच्या माथी येऊ शकतो. काही ठिकाणी सगळ्यांनाच सरसकट 'बेलिफ येईपर्यंत थांबा' असं सांगितलं जातं. सरकारच्या मार्गदर्शक संहितेला ते मान्य नाही आणि मलाही नाही. मुलांनी शाळेतून यावं आणि दाराचं कुलूप बदललेलं दिसावं, ही वेळ कुणावर कशाला आणायची?

मग नोटीस टेबलावर पसरून आम्ही ओळीओळीने वाचली. फॉर्म ६ए बरोबर आहे. दोन महिन्यांची मुदत दिली आहे. गॅसच्या तपासणीचा दाखला मिळाला होता. अनामत रक्कम? ती घेतल्यापासून ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत नोंदवावी लागते. मी तिन्ही योजनांच्या संकेतस्थळांवर शोधलं. कुठेच नोंद नाही. म्हणजे ही नोटीस कोर्टात टिकणार नाही. अनामत परत देऊन घरमालकाला नव्याने सुरुवात करावी लागेल. शिवाय भाडेकरू अनामतीच्या एक ते तीन पट भरपाई मागू शकतो. मी घरमालकाला फोन लावला. तो वाईट माणूस नव्हता, कर्जाच्या हप्त्यांनी बेजार झालेला होता. बोलणं झालं आणि या कुटुंबाला काही महिने मिळाले.

या कामामागचा कायदा जुना आहे. १९६६ मध्ये बीबीसीवर केन लोच यांची 'कॅथी कम होम' ही फिल्म दाखवली गेली. एका सरळमार्गी कुटुंबाचं घर जातं, संसार उधळतो आणि शेवटी मुलंही आईपासून तोडली जातात, अशी ती गोष्ट. देश हादरला. बेघरांना घर मिळवून देणं ही कौन्सिलची कायदेशीर जबाबदारी मात्र १९७७ च्या कायद्याने ठरली. आजचा आमचा मूळ आधार १९९६ च्या हाउसिंग कायद्याचा सातवा भाग आहे. त्यात मोठा बदल २०१७ च्या कायद्याने केला. हॅरो ईस्टचे खासदार बॉब ब्लॅकमन यांनी तो खासगी विधेयक म्हणून मांडला आणि एप्रिल २०१८ पासून तो इंग्लंडमध्ये लागू झाला. त्यातला ५६ दिवसांचा आकडा लक्षात ठेवा. ५६ दिवसांच्या आत घर जाण्याची शक्यता असेल, तर ते टिकवायला मदत करणं कौन्सिलला भाग आहे. घर गेलंच, तर नवं मिळवून द्यायला आणखी ५६ दिवस प्रयत्न करावे लागतात. दोन्ही वेळा तुमच्याशी बसून तुमच्यासाठी लेखी आराखडा करावा लागतो.

साडेअकरा. काउंटरवरून निरोप आला, 'तुमच्या भाषेतल्या एक बाई आहेत.' साडेचार वर्षांच्या मुलीचा हात धरून ती बसली होती. मुलीच्या अंगात शाळेचा स्वेटर, बॅगेत दोन फ्रॉक, बस्स. मी मराठीत बोलले तशी ती म्हणाली, "ताई, मला घरी कळवू नका हं. आईला बीपी आहे."

नवऱ्याचा नोकरीचा व्हिसा, ही त्याच्यावर अवलंबून. पासपोर्ट त्याच्या कपाटात, बँकेचं कार्ड त्याच्या खिशात. काल रात्री हात उगारला आणि पहाटे दार लावून घेतलं. अशा प्रसंगी माणसं मला आधी विचारतात, 'पण मारलं कुठे दिसेल असं?' दिसायची गरज नाही. पैसे अडवणं, धाकात ठेवणं, कोंडून घालणं हे सगळं २०२१ च्या कौटुंबिक अत्याचार कायद्यात येतं. त्या कायद्यामुळे अत्याचारामुळे बेघर झालेल्या व्यक्तीला घराच्या बाबतीत प्राधान्यही मिळतं, आणि ती राहत असलेल्याच नाही तर कुठल्याही कौन्सिलकडे जाऊ शकते.

तिची अडचण व्हिशात होती. त्यावर 'सार्वजनिक निधीचा हक्क नाही' असा शेरा आहे, त्यामुळे बेघरांच्या कायद्याखाली मी तिला घर देऊ शकत नाही. इथेच पुष्कळ बायकांना परत पाठवलं जातं आणि त्या पुन्हा त्याच दारात जाऊन उभ्या राहतात. पण वाट असते. मोफत सल्ला प्रत्येकाला मिळायलाच हवा, व्हिसा कुठलाही असो. मूल बरोबर असेल तर १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टच्या कलम १७ खाली मुलांचा विभाग आई आणि मूल दोघांची सोय करू शकतो. मी तिथे बसूनच फोन लावला आणि त्या दोघींची रात्रीची खोली ठरेपर्यंत तो ठेवला नाही.

दुसरी वाट गृहखात्याच्या सवलतीची. अत्याचारामुळे संसार मोडलेल्या जोडीदाराला तीन महिन्यांचा व्हिसा मिळतो आणि तेवढ्या काळात सरकारी मदत घेता येते. फेब्रुवारी २०२४ पासून नोकरी किंवा शिक्षणाच्या व्हिशावर असलेल्यांच्या जोडीदारांनाही ती खुली झाली आहे. मात्र ती घेतली की आधीचा व्हिसा जातो, म्हणून वकिलाशी बोलल्याशिवाय अर्ज करू नका. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही १९७९ पासून काम करणारी संस्था अशाच बायकांसाठी आहे. तिथला पत्ता आणि राष्ट्रीय हेल्पलाइनचा मोफत नंबर, ०८०८ २००० २४७, एका चिठ्ठीवर मराठीत लिहून दिला. चिठ्ठी पर्समध्ये ठेवू नकोस, मुलीच्या शाळेच्या बॅगेत ठेव, असंही सांगितलं.

एक वाजता डबा खाल्ला.

दोन. मूळचा म्हापशाचा एक गडी, पोर्तुगीज पासपोर्टवर आलेला. विमानतळाजवळच्या किचनमध्ये रात्रपाळी करतो. मित्राच्या सोफ्यावर झोपत होता, आता मित्राची बायको येणार म्हणून ती जागाही गेली. 'मी रस्त्यावर कुठे झोपतोय, मग बेघर कसा?' त्याने विचारलं. कायद्याने तो बेघरच आहे. राहायचा हक्क असलेली जागाच त्याला नाही. घरच्यांनी किंवा मित्रांनी 'आता जमणार नाही' म्हणणं आणि भाड्याचं घर जाणं, ही बेघर होण्याची इथली दोन मोठी कारणं आहेत.

त्याच्याकडे इथे राहण्याचा प्री-सेटल्ड, म्हणजे तात्पुरता दर्जा आहे, कायमचा नाही. नुसत्या त्या दर्जावर मदत मिळत नाही, पण तो नोकरी करतो म्हणून पात्र ठरतो. पगाराच्या चिठ्ठ्या घेऊनच यायचं ते यासाठी. एकटा, धडधाकट माणूस असल्याने त्याला प्राधान्य नाही, म्हणजे आज रात्रीची खोली देणं मला बंधनकारक नाही. हे त्याच्या तोंडावर सांगणं मला आजही जड जातं. पण ५६ दिवसांची मदत त्याच्याही हक्काची आहे. खोलीच्या अनामतीसाठी कौन्सिलचा निधी मिळेल का ते पाहिलं, तीन जागांशी बोलणं केलं.

चार. तात्पुरत्या जागांचे फोन. दिवसातला सगळ्यात वाईट तास. ३१ मार्च २०२५ ला इंग्लंडमध्ये १,३१,००० हून अधिक कुटुंबं तात्पुरत्या जागांत राहत होती, त्यांत १,६९,००० पेक्षा जास्त मुलं. खासगी भाडी वाढत गेली आणि भाड्यासाठी मिळणारी सरकारी मदत मात्र एप्रिल २०२४ च्या दरांवर थांबली आहे. त्या दरात लंडनमध्ये घर शोधून दाखवा. मुलं असलेल्या कुटुंबाला सामायिक स्वयंपाकघर-न्हाणीच्या बी अँड बीमध्ये सहा आठवड्यांहून जास्त ठेवणं बेकायदा आहे, तरी ते घडतं, आणि घडतं तेव्हा आवाज उठवायलाच हवा.

पाच. निर्णयाची पत्रं. नकार असेल तर कारणं लिहावी लागतात, आणि तो मान्य नसेल तर २१ दिवसांत फेरविचार मागता येतो. हे पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत असतं. मी ते तोंडीही सांगते. प्राधान्य असलेल्यांना घर मिळवून देण्याच्या मुख्य जबाबदारीखाली देऊ केलेलं घर पसंत नसलं, तरी रागाने नाकारू नका. आधी स्वीकारा, मग फेरविचार मागा. नाकारलंत आणि घर योग्य होतं असं ठरलं, तर कौन्सिलची जबाबदारी तिथेच संपते.

सहा वाजता थंडीची व्यवस्था सुरू झाली. अशा रात्री उघड्यावर झोपणाऱ्या कुणालाही प्राधान्य, व्हिसा असलं काही न विचारता आत घेतलं जातं. रस्त्यावर कुणी झोपलेलं दिसलं तर 'स्ट्रीटलिंक'वर जागा कळवा. पथक जाऊन शोधतं.

१ मे २०२६ पासून कलम २१ ची नोटीस इंग्लंडमधून हद्दपार. घर विकायचं असेल तरी घरमालकाला कारण दाखवून चार महिन्यांची मुदत द्यावी लागेल. पण चार महिने हातात असूनही पत्र खणातच राहिलं, तर काहीच बदलणार नाही. म्हणून तुमच्या मंडळात, देवळात, शाळेच्या फाटकापाशी कुणी हळू आवाजात 'नोटीस आलीय' म्हणालं, तर तो कागद आणि तो माणूस दोन्ही घेऊन त्याच दिवशी कौन्सिलच्या दारात या. सोबत कुणीतरी असलं की माणसं लवकर येतात.