जपानी लक्षात कशी ठेवायची? बाराखडी, मांजर आणि आंकी

मागच्या काही दिवसांत एकच प्रश्न खूप वेळा आला: "जपानी शिकायला घेतलंय, पण आज पाठ केलेलं परवा आठवतच नाही. काय करू?" नोकरी सांभाळून शिकणाऱ्या माणसाकडे दिवसाला अर्धा तास असतो. तो वाया गेला की दोन महिन्यांत क्लास सुटतो आणि फी बुडते. म्हणून आजचा भाग फक्त लक्षात ठेवण्यावर.

आधी एक चांगली बातमी. जपानी अक्षरांचा क्रम तुम्हाला अर्धा येतोच. स्वर बघा: आ, इ, उ, ए, ओ. पुढच्या ओळी: का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचं वाटतंय ना? हा योगायोग नाही. संस्कृत आणि सिद्धम लिपीचा अभ्यास जपानमधल्या बौद्ध भिक्खूंनी केला, त्याचा हा ठसा आहे. आपल्या 'च'च्या जागी तिथे 'सा' आहे आणि 'प'च्या जागी 'हा', कारण जुन्या जपानीत हे उच्चार तसे होते, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. हिरागाना आणि काताकाना या दोन्ही लिप्यांत प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं आहेत. ती बाराखडीसारखी ओळीने म्हणा, ओळीने लिहा.

वाक्यरचनाही आपल्यासारखीच, क्रियापद शेवटी. 'मी चहा पितो' म्हणजे 'वाताशी वा ओचा ओ नोमिमास'. आपले प्रत्यय शब्दाच्या मागे लागतात, त्यांचेही तसेच. 'पुण्याहून मुंबईपर्यंत' म्हणजे 'पुने कारा मुंबाई मादे'. 'कारा' म्हणजे हून, 'मादे' म्हणजे पर्यंत, 'नो' म्हणजे चा-ची-चे. इंग्रजीतून शिकवणारं ॲप वापरत असाल, तरी डोक्यात भाषांतर मराठीत करा. एक वळसा वाचतो.

आता शब्द. इथे युक्ती अशी की नव्या शब्दाला ओळखीच्या आवाजाचा हुक लावायचा. 'नेको' म्हणजे मांजर. मांजर दुधाच्या पातेल्यात तोंड घालतंय आणि आजी ओरडतेय, "नको, नको!" झालं पाठ. 'मिझु' म्हणजे पाणी: चला, भिजू! 'कासा' म्हणजे छत्री: पावसात कसा जाऊ? कासा घेऊन जा. चित्र जितकं वेडगळ, तितकं चिकटतं. आणि हुक स्वतःच्या डोक्यातून आलेला असेल तर उत्तम. मात्र हुक म्हणजे बांधकामाची परांची. इमारत उभी राहिली की ती काढायची असते. दहा-पंधरा वेळा 'नेको' ऐकल्यावर आजीशिवाय थेट मांजर दिसायला हवं.

तिसरी पायरी कांजी. कपड्यांना घालतात ती नव्हे, चिनी चित्राक्षरं. जपान सरकारच्या रोजच्या वापराच्या यादीत ती २,१३६ आहेत. आकडा बघून घाबरू नका, कारण तेच तेच सुटे भाग पुन्हा पुन्हा येतात. एक झाड म्हणजे 'की', दोन झाडं म्हणजे 'हायाशी', छोटं रान. तीन झाडं म्हणजे 'मोरी', दाट वन. माणूस झाडाला टेकला की 'विश्रांती'. सूर्य आणि चंद्र शेजारी आले की 'उजेड'. आधी भाग ओळखा, मग गोष्ट रचा. पण गोष्टीमुळे अर्थ आठवतो, उच्चार नाही. म्हणून कांजी सुटी पाठ न करता शब्दासकट करा.

हे सगळं टिकवणार कसं? हरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं की विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, नंतर मंदावतं. म्हणजे उजळणी विसरायच्या बेतात असताना करायची आणि दर वेळी मधलं अंतर वाढवायचं. आज, उद्या, चार दिवसांनी, दहा दिवसांनी, महिन्याने. हा हिशोब 'आंकी' हे ॲप करतं. डेमियन एल्म्स यांनी ते २००६ साली आणलं आणि 'आंकी' या जपानी शब्दाचा अर्थच पाठांतर! अँड्रॉइडवर फुकट आहे.

वापरताना तीन नियम. एका कार्डावर एकच गोष्ट. उत्तर उघडण्याआधी स्वतः आठवायचा प्रयत्न. नुसतं वाचून 'हो, माहीत होतं' म्हणायचं नाही. आणि नवी कार्डं दिवसाला दहाच. इंजिनियरच्या भाषेत सांगायचं तर रांगेत येणारं काम संपणाऱ्या कामापेक्षा जास्त झालं की सिस्टम बसते. चार दिवस सुटले आणि ढीग साचला, तर नवी कार्डं बंद. आधी ढीग उपसा.

शेवटचा मुद्दा, आणि आपण ऐकणारी माणसं म्हणून जवळचा: प्रत्येक कार्डाला आवाज हवाच. 'ओजिसान' म्हणजे काका, 'ओजीसान' म्हणजे आजोबा. 'किते' म्हणजे ये, 'कित्ते' म्हणजे पोस्टाचं तिकीट. ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षर इथे अर्थ बदलतात. जेएलपीटीच्या एन५ परीक्षेत १८० पैकी ६० गुण ऐकण्याला असतात. एकूण ८० लागतात, पण ऐकण्यात १९च्या खाली गेलात तर बाकी कितीही मिळवा, नापास. बोलण्याची परीक्षा त्यात नसतेच, म्हणून ऑफिसात जपानी क्लायंटशी बोलायचं असेल तर रोज पाच मिनिटं ऐकलेलं वाक्य मोठ्याने म्हणा.

तर रोजचा बेत असा: पंधरा मिनिटं आंकी, दहा मिनिटं ऐकणं, पाच मिनिटं बोलणं. या आठवड्याचं काम एवढंच: पाच जपानी शब्द घ्या, त्यांना मराठी हुक लावा आणि आम्हाला पाठवा. सगळ्यात वेडगळ हुक पुढच्या भागात वाचून दाखवू. तोपर्यंत, माता ने! म्हणजे, पुन्हा भेटू!