साठ श्वासांचा हिशेब

3, 7, 14, 21, 28 आणि 42. बाळ दवाखान्यात जन्मलं असेल, तर आशा स्वयंसेविकेनं या दिवशी त्याच्या घरी जायचं असतं. घरीच जन्मलं असेल, तर पहिल्या दिवसाची एक फेरी वाढते. जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरपट्ट्यातल्या एका गावात हे आकडे एका घराच्या कॅलेंडरवर बारा महिने दिसतात. दुधाच्या हिशेबाशेजारी निळ्या शाईचे गोल, आणि प्रत्येक गोलात बाळाच्या आईचं नाव.

त्या घरातली लेक हे गोल बघतच मोठी झाली. आज ती शहरातल्या रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. सुट्टीला आली की ती आईबरोबर फेरीला जाते. आईची पिशवी तिनं लहानपणापासून पाहिली होती. त्या पिशवीतून काय काय साधतं, हे मात्र स्वतः त्याच कामात पडल्यावर तिला दिसू लागलं.

पिशवीत स्प्रिंगचा वजनकाटा, त्याची कापडी झोळी, डिजिटल थर्मामीटर, घड्याळ, बॅटरी, साबण आणि नोंदीचा फॉर्म. घरात शिरल्यावर आई बाळाकडे जात नाही. आधी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुते आणि हात हवेतच वाळू देते. कुणी टॉवेल पुढे केला तरी घेत नाही. मग बाळंतिणीशेजारी बसून विचारते, ‘‘रात्री किती वेळा पाजलंस? लघवी किती वेळा केली?’’ तोंड बोलत असतं आणि नजर बाळावर असते. हातपाय नीट हलवतंय की लोळागोळा झालंय, बेंबीभोवती लाली आहे का, डोळ्यांत पू आहे का, हे या गप्पांमध्येच पाहून होतं.

वजनाचं काम दिसतं तेवढं सोपं नाही. रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणायचा. बाळाचे कपडे उतरवून त्याला झोळीत ठेवायचं, अंथरुणापासून थोडंसंच वर उचलायचं आणि काटा डोळ्यांच्या रेषेत धरून वाचायचा. खालून किंवा वरून पाहिलं तर आकडा चुकतो. दोन किलोच्या बाळाबाबत शंभर ग्रॅमची चूक म्हणजे फार झाली. बाळ पहिल्या काही दिवसांत थोडं उतरतं आणि साधारण दहाव्या दिवसापर्यंत पुन्हा जन्मवजनावर येतं. उतार कुठपर्यंत साहजिक आणि कुठून धोक्याचा, हे त्या एका वाचनावर ठरतं.

श्वास मोजताना मात्र आई अगदी बोलायची थांबते. बाळ शांत हवं. रडणाऱ्या किंवा दूध पिणाऱ्या बाळाचा श्वास मोजून उपयोग नाही. झबलं वर सरकवायचं, पोटावर नजर लावायची. पोट वर आलं की एक. पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. मध्येच भरभर चालतो, मध्येच क्षणभर थांबतो. 60 किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा एक मिनिट. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर बाळाला दवाखान्यात न्यायचं.

लेकीच्या विभागात बाळाच्या छातीला वायरी चिकटवलेल्या असतात, आकडा पडद्यावर दिसतो आणि बिघडला की यंत्र ओरडतं. पण बाळानं हातपाय झाडले की पडद्यावरचा आकडाही फसतो, म्हणून मुरलेल्या परिचारिका तिथेही बाळाच्या पोटाकडे बघून मोजतात. हे कसब लेक अभ्यासक्रमात शिकली. आई ते प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या प्रशिक्षणात शिकली आणि तिनं ते चुलीचा धूर भरलेल्या खोलीत, बॅटरीच्या उजेडात पक्कं केलं.

या पद्धतीचं मूळ महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गडचिरोलीतल्या 39 गावांत, गावातल्याच बायांना शिकवून, नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. शेजारच्या 47 गावांशी तुलना केली, तेव्हा नवजात बालमृत्यूचं प्रमाण 62 टक्क्यांनी कमी झालेलं आढळलं. 1999 च्या डिसेंबरमध्ये ‘लॅन्सेट’नं हा अभ्यास छापला. अक्षरओळख नसलेल्या दाईंनाही श्वास मोजता यावेत म्हणून तिथे मण्यांचं एक साधं उपकरण बनवलं होतं: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा नेमल्या गेल्या आणि 2011 पासून घरभेटींचं हे काम देशभर त्यांच्याकडे आलं.

लेकीला आईचं सर्वांत जास्त कौतुक वाटतं ते एका सातव्या दिवसाच्या फेरीमुळे. जन्मवजन 2 किलो 100 ग्रॅम, काट्यावर आता 1 किलो 900. आजीच्या मते बाळ ‘शहाणं’ होतं, कारण ते रडतच नव्हतं. आईनं बाळाच्या तळपायाला हात लावला, मग पोटाला. दोन्ही गार. थर्मामीटर काखेत धरला. आकडा 97 अंश फॅरेनहाइटच्याही खाली. श्वास 66. पुन्हा मोजले, 64. शेजारी बसलेल्या लेकीनं मनातल्या मनात मोजलेला आकडाही तोच होता.

पुढचं काम यंत्राला जमणारं नव्हतं. बाळाचा बाप कामासाठी बाहेरगावी होता आणि आजी बाळाला घराबाहेर काढायला तयार नव्हती. आईनं तिला दोष दिला नाही, धाकही घातला नाही. बाळाचा हात उचलून सोडला आणि म्हणाली, ‘‘आजी, हात कसा पडतोय बघा. परवा बोट धरत होतं ना? आता दूधसुद्धा ओढंना झालंय.’’ आजीनं स्वतः तो हात उचलून पाहिला आणि मग उठून चादर शोधू लागली. आईनं 102 ला फोन लावला. गाडी येईपर्यंत बाळाच्या अंगावरचे कपडे काढले, डोक्याला टोपडं घातलं, त्याला बाळंतिणीच्या उघड्या छातीशी उभं धरलं आणि वरून दोघांना पांघरुणात गुंडाळलं. ‘‘अंगाला अंग लागू दे, मध्ये कापड नको,’’ ती सारखी बजावत होती. लेकीच्या रुग्णालयात यालाच कांगारू केअर म्हणतात. 1970 च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात, इन्क्युबेटर पुरेनात म्हणून डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली.

बाळ जिल्हा पातळीवरच्या नवजात कक्षात राहून, वजन वाढवून घरी परतलं. कॅलेंडरवरचे त्याचे उरलेले गोलही आईनं एकेक करून पूर्ण केले.

लेकीच्या शिक्षणाची फी कशी भरली गेली, याच्या आठवणी घरात आहेतच. भातलावणीचे दिवस, बाजारात विकलेला हिरडा, पहाटेचा स्वयंपाक. पण आईचा गौरव करताना लेक त्यागाची गोष्ट सांगत नाही, आणि ते योग्यच आहे. ती आईच्या कसबाची गोष्ट सांगते. आपल्या विभागात नव्यानं आलेल्या मुलींना श्वास मोजायला शिकवताना ती आईचंच वाक्य वापरते: ‘‘आधी बाळाकडे बघ, मग घड्याळाकडे.’’ आई प्रेमळ असल्याचं कुणीही सांगेल. ती आपल्या कामात वाकबगार आहे, ही साक्ष मात्र त्याच कामातली लेकच देऊ शकते.

2022 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा जागतिक सन्मान केला. आजही त्या पगारी कर्मचारी नाहीत. त्यांना मानधन मिळतं आणि कामागणिक मोबदला. एका नवजात बाळाच्या सगळ्या घरभेटी पूर्ण केल्या की त्यापोटी 250 रुपये. इतक्या नेमक्या कामाला हा मोबदला फारच तोकडा आहे. तो वाढेल तेव्हा वाढो, पण रुग्णालयांना एक गोष्ट आजपासून करता येण्यासारखी आहे: आशाताई बाळाबरोबर जी चिठ्ठी पाठवते, त्यावरचं वजन, तापमान आणि श्वासांचा आकडा दाखल करून घेतानाच वाचावा, आणि काही शंका असेल तर तिला फोन करून विचारावं.