सहा महिन्यांचा शेजार

मुले अमेरिकेत आणि आईवडील पुण्या-ठाण्यात किंवा नाशिक-कोल्हापुरात, ही मांडणी मराठी मध्यमवर्गात आता इतकी रुळली आहे की अमेरिकावारीचे अप्रूप कुणाला उरलेले नाही. पर्यटक व्हिसावर एका खेपेला साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत राहता येते. त्यातले पहिले काही आठवडे जेट लॅग, नायगारा आणि न्यूयॉर्क यांत जातात. मग मुलांची सुट्टी संपते. सकाळी साडेआठला घर रिकामे होते, नातवंडे शाळेत किंवा डे-केअरला जातात आणि संध्याकाळपर्यंत दोन ज्येष्ठ माणसे एका मोठ्या, शांत घरात उरतात. परत आल्यावर ‘सोन्याचा पिंजरा’ हे शब्द ठरलेले. कारणेही ठरलेली: थंडी, गाडी चालवता येत नाही, तिथले उच्चार कळत नाहीत आणि माणसे हसतात पण जवळ येत नाहीत. तक्रार खरी आहे, निदान अपुरे आहे. हा एकटेपणा स्वभावातून किंवा भाषेतून येतो त्याहून अधिक वस्तीच्या आखणीतून येतो. तसे असेल तर माणसे शोधत हिंडून उपयोग नाही. जिथे तीच माणसे ठरल्या वारी, ठरल्या वेळी जमतात आणि नव्या माणसाच्या हातालाही काही काम मिळते, अशी जागा गाठली पाहिजे. अशा जागा तिथे आहेत, आणि बहुतेक फुकट आहेत.

अमेरिकी उपनगर असे निर्मनुष्य दिसते ते काही योगायोगाने नाही. ओहायोतल्या युक्लिड नावाच्या गावाने घरे, दुकाने आणि कारखाने यांच्यासाठी वेगवेगळे पट्टे आखले होते. १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही विभागणी वैध ठरवली आणि ‘इथे फक्त घरे’ हा नियम देशभर पसरला. १९४७ पासून लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन उभे राहिले, एकाच साच्यातल्या सतरा हजारांहून अधिक घरांचे. १९५६ च्या कायद्याने ४१ हजार मैलांच्या महामार्गांना मंजुरी मिळाली आणि घरापासून दुकान कितीही दूर असले तरी चालेल, असे ठरूनच गेले. आता आपल्याकडे ओळखी कशा होतात ते पाहा. ओळख करून घ्यायची म्हणून कुणी घराबाहेर पडत नाही. दूध आणायला, इस्त्रीचे कपडे द्यायला, पासबुक भरून घ्यायला माणूस बाहेर पडतो आणि वाटेत ओळखी होत जातात. जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये शहरांवरच्या आपल्या पुस्तकात नेमके हेच दाखवले होते, की पदपथावरच्या असंख्य किरकोळ गाठीभेटींतून वस्तीतला विश्वास तयार होतो. ज्या वस्तीत पायी जाऊन करण्यासारखे कामच नाही, तिथे या भेटी होणार कुठून? तिथले शेजारीही एकमेकांना फारसे ओळखत नाहीत. पाहुण्या आजी-आजोबांना वाटते की हे आपल्यालाच वगळतात. प्रत्यक्षात तिथे वगळण्याइतकाही संबंध कुणाचा कुणाशी नसतो.

गंमत अशी की या आजी-आजोबांना माणसे जोडता येत नाहीत असे कुणीच म्हणणार नाही. हास्यक्लब ही मुंबईचीच देणगी आहे: १३ मार्च १९९५ रोजी लोखंडवाला भागातल्या बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन तो सुरू केला आणि आज तो कितीतरी देशांत चालतो. ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ, टेकडीवरचा सकाळी सहाचा ग्रुप हे सगळे ज्यांनी चालवले, तीच माणसे न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये खिडकीशी बसून राहतात. त्यांचे कसब गेले कुठे? कुठेच नाही, त्या कसबाला लागणारी चौकट तिथे नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये पूर्वग्रहांवर लिहिताना असे मांडले, की दोन गटांतली माणसे नुसती समोरासमोर आल्याने जवळ येत नाहीत. त्या भेटीत दोघांचा दर्जा सारखा हवा, काम सामाईक हवे, ते एकमेकांच्या मदतीने करायचे हवे आणि त्याला एखाद्या संस्थेचा किंवा रीतीचा पाठिंबा हवा. पुढे २००६ मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी ५१५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. संपर्काने पूर्वग्रह कमी होतो आणि या अटी असल्या तर तो अधिक कमी होतो, असे त्यांना आढळले. आपला सहाचा ग्रुप या चारही अटी न सांगता पाळतो. लिफ्टमधले किंवा गाडीच्या काचेआडून केलेले हाय-हॅलो त्यांतली एकही पाळत नाही.

उपनगरात या अटी पुऱ्या करणारी सर्वांत चांगली जागा म्हणजे सार्वजनिक लायब्ररी. अँड्र्यू कार्नेगीच्या देणग्यांतून अमेरिकेत १,६८९ लायब्रऱ्या उभ्या राहिल्या. आज देशात सार्वजनिक लायब्रऱ्यांच्या इमारती सतरा हजारांच्या आसपास आहेत. पुस्तक घरी न्यायला कार्ड लागते आणि कार्डाला पत्त्याचा पुरावा, पण आत जाऊन बसायला काहीच लागत नाही. कॉफी विकत घेतल्याशिवाय बसता येत नाही असा प्रकार नाही, किती वेळ बसलात म्हणून कुणी विचारत नाही. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी २०१८ च्या आपल्या पुस्तकात लायब्ररीला रस्ते आणि नळांइतकीच पायाभूत सुविधा मानले आहे, आणि त्यांच्या बोलण्याला आधार आहे. शिकागोत १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसे गेली. गरिबी सारखीच असलेल्या शेजारशेजारच्या वस्त्यांत मृत्यूंचे प्रमाण इतके वेगळे का, हे शोधताना त्यांना दिसले की जिथे दुकाने, पदपथ आणि जमण्याच्या जागा टिकून होत्या तिथली म्हातारी माणसे घरात बंद राहिली नाहीत, आणि वाचली. लायब्ररीत आठवडाभर काही ना काही चालू असते: लहान मुलांची गोष्टीची वेळ, नवागतांसाठी इंग्रजी संभाषणाचा गट, बुद्धिबळ, पुस्तकचर्चा, विणकाम. या शेवटच्या गटाकडे मराठी आजींचे लक्ष जायला हवे. क्रोशाची सुई चालवताना फार बोलावे लागत नाही, हातातले काम पाहून समोरचाच काहीतरी विचारतो आणि चौथ्या आठवड्याला आपली जागा ठरून जाते. तिथे आजी ‘अमक्याची आई’ नसते. जिला ती विशिष्ट वीण येते ती बाई असते. दर्जा सारखा असणे म्हणतात ते हेच.

बाकीच्या जागांची नुसती यादी पुरे. वयस्कांची सीनियर सेंटर गावोगावी आहेत. १९६५ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यामुळे त्यांतल्या कित्येकांत दुपारचे जेवणही मिळते, फक्त प्रवेशाचे नियम गावागणिक बदलतात. सामुदायिक बागेत स्वतःचा वाफा मिळायला रांग असते, पण तण काढणाऱ्या हातांना कुणी नको म्हणत नाही. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये तेरा धावपटूंनिशी सुरू झालेला पार्करन हा धावण्याचा उपक्रम आता अमेरिकेतही काही ठिकाणी दर शनिवारी होतो. पाच किलोमीटर चालत पूर्ण केले तरी चालते आणि अजिबात चालायचे नसेल तर स्वयंसेवक म्हणून उभे राहता येते. कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँटमध्ये भारतीय आजोबांनी थेट मॉलमध्येच रोजची बैठक जमवली होती. ‘हंड्रेड इयर्स लिव्हिंग क्लब’ असे तिचे नाव, आणि २००९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तिच्यावर लिहिले.

इथे कुणी विचारेल, आपली माणसे असताना परक्यांच्या मागे कशाला लागायचे? बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे, जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात मराठी मंडळ आहे, न्यूयॉर्कच्या फ्लशिंगमध्ये १९७७ पासून गणपतीचे देऊळ आहे आणि त्याच्या तळघरातल्या कँटीनचा डोसा खायला लांबून लोक येतात. हे सगळे हवेच. पण मंडळाचे कार्यक्रम संक्रांत, गुढीपाडवा, गणपती, दिवाळी असे वर्षातून मोजके, आणि तेही शनिवार-रविवारी, जेव्हा घरात माणसे असतातच. शिवाय तिथे पोहोचायला मुलाने गाडी काढावी लागते. एकटेपणा मंगळवारी सकाळी अकराला असतो आणि त्यावर रविवारचा गणेशोत्सव पुरत नाही. फ्लशिंगचे कँटीन मात्र रोजचे आहे, चालत जाता येईल अशा दाट वस्तीत आहे, म्हणून तिथे ओळखी होतात. म्हणजे आपली माणसे की परकी, हा प्रश्न दुय्यम आहे. जागा रोजची आहे का आणि स्वतःच्या पायांनी गाठता येते का, हा पहिला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अमेरिकी माणसे वरवरची असतात, ‘हाऊ आर यू’ विचारतात आणि उत्तराला थांबत नाहीत. जर्मनीतून अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९३६ मध्येच हा फरक टिपला होता. अमेरिकी माणसाच्या व्यक्तित्वाचे बाहेरचे थर सहज खुले असतात, सर्वांत आतला मात्र बंद. जर्मन माणसात बाहेरूनच आडकाठी सुरू होते. मराठी माणूस या बाबतीत बराचसा जर्मन म्हणावा. त्यामुळे समोरच्याने पहिल्याच भेटीत दार उघडले की आपण थेट माजघराची अपेक्षा करतो आणि ओसरीवर थांबवले की फसवल्यासारखे वाटते. पण ओसरीची किंमत कमी का मानायची? मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवले की नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या लोकांकडूनच अधिक येते. सँडस्ट्रम आणि डन यांच्या २०१४ च्या प्रयोगात कॉफीच्या दुकानातल्या विक्रेत्याशी हसून दोन शब्द बोललेले ग्राहक, काम उरकून निघालेल्यांपेक्षा अधिक खूश होते आणि आपण इथले आहोत ही भावनाही त्यांच्यात अधिक होती. इंग्रजीची अडचणही इथेच बरीच विरघळते, कारण दोन शब्दांना व्याकरण लागत नाही. आपले बोलणे समोरच्याला आवडले नसेल, ही भीतीही बहुधा निराधार असते: २०१८ च्या एका अभ्यासात अनोळखी माणसांच्या गप्पांनंतर दोन्ही बाजूंनी, आपण समोरच्याला जितके आवडलो त्याहून कमी आवडलो, असाच अंदाज बांधला.

पण सहा महिन्यांसाठी एवढा खटाटोप? कान्सास विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये काढलेला अंदाज असा, की ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला एकत्र घालवलेले सुमारे ५० तास लागतात, खऱ्या मैत्रीला ९० आणि जिवलगपणाला २०० हून अधिक. त्यांनी विचारले ते नव्या गावी आलेल्या प्रौढांना आणि विद्यार्थ्यांना, सत्तरीतल्या पाहुण्यांना नाही; आकडे ढोबळच धरावेत. तरी हिशेब करून पाहा. आठवड्यातून एक तास म्हणजे चोवीस आठवड्यांत २४ तास, मैत्री दूरच राहील. आठवड्यातून दोनदा दोन-दोन तास गेले तर ९६. याचा अर्थ सहा महिने थोडे नाहीत, फक्त ते दुसऱ्या आठवड्यापासून वापरले पाहिजेत. पाचव्या महिन्यात कंटाळून घराबाहेर पडणाऱ्याला उशीर झालेला असतो. शिवाय ही वारी एकदाच होत नाही. दुसऱ्या खेपेला नाव लक्षात ठेवणारी चार माणसे असली तर विमान उतरतानाचे मन वेगळे असते.

भीतीचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेता येणार नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावात, मुलाकडे नातवासाठी आलेले सत्तावन्न वर्षांचे एक गुजराती गृहस्थ सकाळी फिरत होते. शेजारच्या कुणीतरी ‘संशयास्पद माणूस’ म्हणून पोलिसांना फोन केला, त्यांना इंग्रजी येत नव्हते, आणि पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटल्याने मणक्याला गंभीर इजा झाली. राज्याच्या गव्हर्नरांनी माफी मागितली. त्या पोलिसाच्या खटल्यात दोनदा ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि अखेर न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडले. अशा घटनेची जबाबदारी पाहुण्यावर टाकणे अन्यायाचे होईल. पण तिच्यावरून ‘बाबा, तुम्ही एकटे बाहेर पडू नका’ असा निष्कर्ष काढणे चूक आहे. ज्याला गल्लीत कुणीच ओळखत नाही तोच अधिक असुरक्षित असतो आणि घरात बसून ओळख वाढत नाही. आल्या आल्या दोन्ही बाजूंच्या घरांत मुलाने आईवडिलांना स्वतः घेऊन जावे, खिशात पत्ता आणि फोन नंबर असावा. एवढे केले तर चालायला जाणे थांबवायचे कारण नाही.

खरी अडचण कित्येकदा मुलांच्या काळजीत असते, आणि काळजीइतकीच सोयीतही. आई घरी असली की बेबीसिटिंगचा प्रश्न सुटतो, मग तिला लायब्ररीत कोण सोडणार? एक कायद्याची गोष्ट तेवढी सांभाळायची: पर्यटक व्हिसावर मोबदला घेऊन काम करता येत नाही, आणि राहण्या-जेवणाच्या बदल्यात केलेले कामही मोबदल्यात धरले जाऊ शकते. विणकाम, बुद्धिबळ, गप्पा यांचा त्याच्याशी संबंध नाही. गावात बस असेल तर सरकारी अनुदानावर चालणाऱ्या सेवांत ६५ वर्षांवरील प्रवाशांना गर्दीच्या वेळा सोडून निम्मे भाडे असते. तेव्हा तिकडे असलेल्या मुलामुलींनो, पुढच्या खेपेला नायगाराचे बुकिंग करण्याआधी गावच्या लायब्ररीचे महिन्याचे वेळापत्रक छापून फ्रिजवर लावा, पहिल्या आठवड्यात आईवडिलांना एकदा सोबत घेऊन जा आणि दुसऱ्या वेळी त्यांना त्यांचे त्यांना जाऊ द्या.