पहिली दुर्बीण घेताना

मुलाने साठवलेल्या ईदीतून दुर्बीण घेतली. खोक्यावर ‘५२५ पट’ छापलं होतं. भोरच्या गच्चीवर तिपाई थरथरायची, चंद्रही धूसर दिसायचा. महिन्याभरात दुर्बीण माळ्यावर गेली आणि मुलगा हिरमुसला.

चूक माझीच. पट नव्हे, भिंगाचा व्यास पाहायचा असतो. ६० मिलिमीटर भिंगाला साधारण १२० पटींपुढे चित्र फिकटतं.

म्हणून आधी १०×५० ची, दोन्ही डोळ्यांनी पाहायची दुर्बीण घ्या. २९ तारखेला हिलाल शोधायलाही ती कामी येते. पण सूर्य पूर्ण मावळल्यावरच डोळ्याला लावा. गोडी टिकली, तर सहा इंची डॉब्सोनियन घ्या. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, खरेदीआधी तिथे विचारा.

परवा वेल्ह्याच्या अंधारात मुलाला देवयानी दीर्घिका सापडली. माळ्यावरची दुर्बीण तो विसरला.