पुरात तगणारा भात

भात हे पाण्यातले पीक, पण पाण्याखाली ते जगत नाही. खाचरात वीतभर पाणी असले की रोप जोमाने फुटवे काढते. पुराचे पाणी शेंड्यावरून गेले की गुदमरते. बुडालेल्या रोपात इथिलीन हा वायू कोंडतो आणि त्याच्या इशाऱ्याने रोप हवेसाठी भराभर उंच वाढू लागते. आठवडाभरात पाणी ओसरले नाही, तर या धडपडीत साठवणीची सगळी शर्करा खर्ची पडते. पूर उतरतो तेव्हा रोपात उभे राहण्याचे त्राण उरलेले नसते.

ओडिशातल्या पूरग्रस्त भागातले शेतकरी मात्र धालपुटिया नावाचे एक देशी वाण पिढ्यानपिढ्या राखून होते. त्यातूनच निवडून काढलेला 'एफआर 13 ए' हा वाण संपूर्ण बुडाल्यावरही सुमारे दोन आठवडे तग धरतो. त्याची युक्ती अगदी उलटी आहे. पाणी चढले की तो वाढ थांबवतो, शिधा जपून ठेवतो आणि पाणी उतरले की नव्याने पालवतो. मात्र तो उंच वाढून लोळतो आणि पिकतोही कमी. म्हणून प्रश्न असा होता की, त्याचा हा एकच गुण भरघोस पिकणाऱ्या वाणात आणायचा कसा?

भाताचा संकर हे नाजूक काम आहे. भाताचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे फूल उमलण्याआधीच तुसाचा शेंडा कापून आतले सहाही परागकोश काढून टाकावे लागतात. मग दुसऱ्या वाणाची फुललेली लोंबी त्यावर झटकून पिशवी बांधायची. या संकरात दोन्ही वाणांचे गुण सरमिसळ होतात, नको असलेलेही येतात. 1996 मध्ये पूर सोसणाऱ्या गुणाचा ठावठिकाणा भाताच्या 12 गुणसूत्रांपैकी नवव्यावर लागला. 2006 मध्ये 'सब 1 ए' हे नेमके जनुक ओळखले गेले. याच दरम्यान भारतातल्या 'स्वर्णा' या लोकप्रिय वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करून, दर पिढीत डीएनए तपासून, बाकी सारे स्वर्णाचे आणि तेवढा एक तुकडा ओडिशाचा, असे रोप मिळवले गेले. 2009 मध्ये 'स्वर्णा-सब 1' भारतातल्या शेतांसाठी प्रसारित झाला.

वैविध्याने भाताला तारल्याची ही पहिलीच वेळ नव्हे. 1966 मध्ये फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 'आयआर 8' हा बुटका वाण दिला. तैवानी वाणाचे बुटकेपण त्यात उतरल्याने जड लोंब्यांनीही तो लोळत नसे. असे वाण सर्वत्र पसरले आणि शेते एकसारखी झाली. 1970 च्या दशकाच्या आरंभी तपकिरी तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या, रोप खुरटवणाऱ्या एका विषाणूने आग्नेय आशियात पिकांची नासाडी केली. संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. खात्रीचा प्रतिकार सापडला तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या एका जंगली भाताच्या नमुन्यात. तो भात म्हणजे संस्कृत साहित्यात ऋषींचे अन्न म्हणून येणारा, नांगराविना उगवणारा नीवार. शास्त्रीय नावातही तो 'ओरायझा निव्हारा' असाच आहे. गुरदेव खुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गुण 'आयआर 36' मध्ये आणला. 1976 मध्ये आलेला हा वाण पुढे सुमारे 1 कोटी 10 लाख हेक्टरांवर पोहोचला.

आज त्या संस्थेच्या शीतगृहात 1 लाख 30 हजारांहून अधिक नमुने जपलेले आहेत. त्यातला कोणता नमुना केव्हा कामी येईल, हे आधी कळत नाही. नीवाराचे बी गोळा केले तेव्हा तो या विषाणूशी झुंजेल, हे कुणाच्या गावीही नव्हते. धालपुटिया राखणाऱ्यांना जनुकाचे नाव ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. पुरात जे तगले, त्याचे बी त्यांनी पुढच्या पेरणीला ठेवले, एवढेच. गोव्याच्या खाजण जमिनीत खारे पाणी सोसणारा कोरगुट भात पेरणारा शेतकरीही तेच करतो. समुद्राची पातळी वाढत असताना त्याच्या कणगीतले बियाणे उद्या किती किनाऱ्यांना लागेल, हे आज सांगता येत नाही. म्हणूनच ते दर पावसाळ्यात पेरले जायला हवे.