बिलातली शेवटची युनिटं

एप्रिल-मेचं वीजबिल आलं की पहिला ठपका दिव्यांवर बसतो. बाथरूमचा दिवा कोणी चालू ठेवला, जिन्यातला बल्ब रात्रभर का जळत होता, यावरून घरात बोलणी होतात. साठ वॅटचे पिवळे बल्ब होते तेव्हा या बोलण्यात तथ्य होतं. जानेवारी 2015मध्ये केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली. घाऊक सरकारी खरेदीत 2014 साली 310 रुपयांना पडणारा एलईडी बल्ब दोन-तीन वर्षांत चाळीस रुपयांच्या आत आला आणि घरोघरी पोचला. आज साधारण तेवढाच उजेड 9 वॅटमध्ये मिळतो. असा दिवा दहा तास विनाकारण चालू राहिला, तरी युनिटच्या दहाव्या हिश्श्याहून कमी वीज जाते. दिवा बंद करावाच. पण बिल फुगतं ते दुसऱ्याच वस्तूमुळे.

ती वस्तू म्हणजे छताचा पंखा. त्याच्याकडे कोणी संशयाने बघत नाही, कारण एसी, गीझर, इस्त्री यांच्यासमोर तो गरीब वाटतो. जुना पंखा पूर्ण वेगात 70 ते 80 वॅट घेतो. आकडा लहान आहे, पण वीज मोजताना वॅटला तासांनी गुणावं लागतं. आपल्याकडे थंडीचे थोडे दिवस सोडले तर पंखा वर्षभर, दिवसाचे दहा-बारा तास फिरतो. बीएलडीसी, म्हणजे बिनब्रशच्या डीसी मोटरचा पंखा तेवढाच वारा सुमारे 30 वॅटमध्ये देतो. प्रत्येक पंख्यामागे 45 वॅटची बचत धरली आणि रोजचे बारा तास धरले, तर महिन्याला 16 युनिटं वाचतात. तीन पंख्यांची झाली 48.

यावर लगेच दोन शंका येतात. पहिली, "आम्ही पंखा दोनवरच ठेवतो." रेग्युलेटर इलेक्ट्रॉनिक, म्हणजे लहान गोल खटक्याचा असेल तर वेग कमी केल्यावर वीज खरोखर वाचते. जुना मोठा डब्यासारखा रेग्युलेटर असेल, तर वाचलेल्या विजेतला बराच भाग त्या डब्यातच उष्णता होऊन जातो; म्हणून तो हाताला गरम लागतो. दुसरी शंका दुरुस्तीची, आणि ती रास्त आहे. बीएलडीसी पंख्यात सर्किट असतं, त्यामुळे कोपऱ्यावरच्या मोटर भरून देणाऱ्याकडे प्रत्येक बिघाड निघेलच असं नाही. तेव्हा वॉरंटी किती वर्षांची आणि सर्व्हिस गावात मिळते का, हे विचारूनच घ्यावा. त्याला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर जोडायचा नसतो, हेही वायरमनला सांगावं. जिथे वीज वारंवार जाते तिथे आणखी एक फायदा आहे: इन्व्हर्टरच्या त्याच बॅटरीवर हा पंखा दुपटीहून जास्त वेळ चालतो.

आता पैशांचं गणित. महावितरणच्या घरगुती बिलाबद्दल एक समज फार पक्का बसला आहे: "शंभर युनिटं ओलांडली की सगळं बिल वरच्या दराने लागतं." तसं होत नाही. पहिली 100 युनिटं प्रत्येकाला खालच्याच दराने मिळतात; 101 ते 300मधल्या युनिटांनाच वरचा दर लागतो, मग 301 ते 500ला त्याच्याही वरचा. पण याच रचनेतली दुसरी बाजू लोकांच्या लक्षात येत नाही. आपण वीज वाचवतो तेव्हा जी युनिटं कमी होतात, ती नेहमी सर्वांत वरच्या टप्प्यातली, म्हणजे सर्वांत महागडी असतात. वीज घरापर्यंत वाहून आणण्याचा वहन आकार धरला तरी दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट पडतो आणि त्यावर 16 टक्के वीज शुल्कही लागतं. महिन्याला 150 युनिटं वापरणाऱ्या घराने तीन पंखे बदलून 48 युनिटं वाचवली, तर ती सगळी त्या वरच्या पन्नासातूनच जातात. एकूण रकमेला युनिटांनी भागून सरासरी दर काढणारे आपली बचत इथे कमी मोजतात. स्थिर आकार मात्र वापर घटला म्हणून खाली येत नाही, हे धरून चालावं.

ही 48 युनिटं कुठून आलेली असतात? देशातली सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशावर होते. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटामागे सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो; म्हणजे अशा एका घरामागे महिन्याला तीसहून जास्त किलो. चंद्रपूरचं 2920 मेगावॅटचं औष्णिक केंद्र आणि त्याच्या परिसरात जगणारी माणसं यांचा आपल्या बटणाशी थेट संबंध आहे. उन्हाळ्याच्या रात्री सौर वीज नसते आणि पंखे मात्र सगळीकडे फिरत असतात. त्या वेळचा भार मुख्यतः कोळसाच उचलतो.

खरेदीला गेल्यावर "पाच तारे आहेत ना, मग झालं" असंही ऐकू येतं. तारांकन 2006पासून आहे, छताच्या पंख्यांना ते जानेवारी 2023पासून सक्तीचं झालं. मात्र निकष वेळोवेळी कडक होतात. जुलै 2022मध्ये एसीचे निकष बदलले तेव्हा आधीचे पाच तारेवाले एसी चार ताऱ्यांवर आले. म्हणून लेबलवरचा कालावधी बघावा आणि ताऱ्यांआधी वर्षाला लागणाऱ्या युनिटांचा आकडा वाचावा. मोठ्या फ्रिजला पाच तारे असले, तरी तो लहान फ्रिजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो.

एसी 16वर लावला म्हणून खोली लवकर गार होत नाही. खोली तापलेली असताना कॉम्प्रेसर तसाही जोर लावूनच चालतो. 16 केल्याने तो थांबायचा किंवा मंदावायचा तेवढा राहतो. तापमान एका अंशाने वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते. म्हणूनच 2020पासून नवे एसी सुरू करताना 24वर असतात. 24 किंवा 26 आणि सोबत मंद पंखा, एवढं झोपेला पुरतं.

रिमोटने बंद केलेला सेट-टॉप बॉक्स बहुधा चालूच असतो. दहा वॅट धरले तरी महिन्याला सात युनिटं होतात. भिंतीवरचं बटण बंद करावं. आणि प्लगमध्ये खोचायचं "वीज बचत यंत्र" कोणी विकत असेल, तर घेऊ नये. आत बहुतेक एक कपॅसिटर असतो, आणि त्यामुळे बदलतं ते घराचं मीटर मोजतच नाही. मीटर प्रत्यक्ष वापरलेली युनिटं मोजतं.

चालू वस्तू बदलणं ही उधळपट्टी, असं वडीलधारी माणसं म्हणतात. मिक्सर आणि इस्त्रीबाबत ते मला पटतं. ही उपकरणं रोज काही मिनिटं चालतात आणि नवं बनवायलाही धातू, वीज लागतेच. पंखा आणि फ्रिज यांचा हिशेब वेगळा, कारण त्यांचे तास मोठे. एकदम सगळे बदलायची गरज नाही. जो पंखा सर्वांत जास्त वेळ फिरतो तो आधी बदलावा, बहुतेक घरांत तो झोपण्याच्या खोलीतला असतो. उतरवलेला जुना पंखा भंगारात द्यावा, त्यातल्या तांब्याचे पैसेही मिळतात. तो गच्चीवरच्या खोलीत टांगला, किंवा नवा फ्रिज आल्यावर जुना बाल्कनीत थंड पाण्यासाठी चालू ठेवला, तर बिल आधीपेक्षा वाढतं.